वाहिदचा विसर

गोराझ्दे, १८ ऑक्टोबर २०१६

प्रिय शेफिक,

सलाम. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानेच जोडतोस, म्हणून लिहितेय. ही बातमी मनाने जोडण्यासारखी नाही.

शनिवारी क्लबची सभा झाली. वाहिदने अध्यक्षपद सोडलं. वीस वर्षांनी. आणि त्याच्या जागी मला बसवलंय. तेवीसपैकी एकोणीस हात वर आले. हसू नकोस. वीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांच्या घामट जर्सी धुतल्या, पत्रं टाइप केली, बसची तिकिटं काढली. आता सहीपण मीच करायची, एवढाच फरक.

झालं ते असं. बैठ्या व्हॉलीबॉलच्या पहिल्या लीगचा नोंदणीअर्ज दरवर्षी तीस सप्टेंबरच्या आत साराएव्होला पोचावा लागतो, अध्यक्षाच्या सहीचा, शिक्क्याचा, मूळ कागद. तुला ठाऊकच आहे. यंदा तो पोचलाच नाही. त्यामुळे हे वर्ष आपण दुसऱ्या लीगमध्ये. चार वेळा पहिला आलेला आपला संघ! पोरं (पोरं कसली, सगळे पन्नाशीचे) नुसती उकळत होती. रामो तर म्हणाला, "दोन पाय असते तर भिंतीला लाथ मारली असती."

वाहिद उभा राहिला. कृत्रिम पाय त्याने काढून भिंतीशी ठेवला होता, तुम्ही सगळे ठेवता तसाच, म्हणून कुबडीवर रेलून. म्हणाला, "अर्ज मी भरला, सही केली. पुढचं मला सांगता येत नाही. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. माणसाने वेळेत उठावं." आणि बसला.

बदल हवा होता, शेफिक. नवी माणसं घ्या, हे मी त्याच्या तोंडावरही म्हटलंय. नेर्मिना, शाळेतली गणिताची बाई, मोटार अपघातात पाय गेलेली, दोन वर्षं विचारतेय की मला खेळायला घ्या. वाहिदचं एकच उत्तर: "हा क्लब लढाईतल्या जखमींचा आहे, वाहतुकीतल्या नव्हे." अशाने दहा वर्षांत जाळ्याच्या दोन्ही बाजूंना माणूस उरणार नाही. तिला मी या मंगळवारीच बोलावलं.

वाहिद तुझं ऐकतो. त्याला चार ओळी लिही. त्याला हलकं वाटेल असं काहीतरी.

तुझी चुलतबहीण,
रासेमा


येसेनित्से, २ नोव्हेंबर २०१६

अध्यक्षीणबाई,

आता तुला असंच म्हणायला हवं. अभिनंदन! तुझा एन्व्हर आज असता तर तुझ्या नावाने अख्ख्या गल्लीला कॉफी पाजली असती आणि वर म्हणाला असता, "घरात तर ती केव्हापासूनच अध्यक्ष आहे."

पत्र वाचून वाईटही वाटलं. वाहिदशिवाय तो हॉल मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. शहाण्णव साली इस्पितळातून सुटलो तेव्हा मी सहा महिने घरातून बाहेर पडलो नव्हतो. हा माणूस आला, मला फरफटत शाळेच्या हॉलमध्ये नेलं, जमिनीवर बसवलं आणि चेंडू सरळ माझ्या तोंडावर मारला. "हात आहेत ना? मग?" म्हणाला. इकडे परदेशात येईपर्यंत तेरा वर्षं मी त्याला चेंडू उचलून देत होतो.

पण तू म्हणतेस ते बरोबर आहे. सासष्टचा झाला तो. मी त्याला लिहिलंय. म्हटलं, "वाहिद, यात लाजायचं काय, विसर सगळ्यांनाच पडतो. मागच्या उन्हाळ्यात तू माझ्याकडे राहिलास तेव्हा एकच गोष्ट दोन-दोनदा सांगत होतास, ते मला तेव्हाच जाणवलं होतं. सोडलंस ते शहाणपणच केलंस. आता मुनिरावहिनीबरोबर बाग कर, नदीवर गळ टाकून बस."

रासेमा, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पत्रात मला काहीतरी घुटमळल्यासारखं वाटलं. त्याची जागा घेतली म्हणून वाईट वाटत असेल. कोणीतरी घ्यायलाच हवी होती.

शेफिक


गोराझ्दे, २७ नोव्हेंबर २०१६

प्रिय शेफिक,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एक नीट सांग: वाहिद तुझ्याकडे होता तेव्हा खरंच तसं झालं होतं? कोणती गोष्ट त्याने दोनदा सांगितली? एकाच दिवशी की वेगवेगळ्या? नावं चुकत होता का? तुझ्या सुनेलाही जाणवलं होतं का? तिला विचारून कळव.

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हणजे हे आधीपासूनच होतं तर. कागद नसता तर दुसरं काही झालं असतं.

क्लबचं छान चाललंय. नेर्मिनाबरोबर आणखी दोघी आल्या आणि साखरेच्या आजारात पाय गेलेला एक निवृत्त टपालमास्तर. तो जमिनीवर बसला की उठायला तिघं लागतात, पण सर्व्हिस अशी करतो की रामोने टोपी काढली. गेल्या मंगळवारी भिंतीशी पंधरा पाय उभे होते, मी मोजले. पूर्वी अकरा-बारा असायचे. नेर्मिनाचा पाय इतका नवा आणि चकचकीत की सगळे आळीपाळीने हातात घेऊन बघत होते.

वाहिद येत नाही. एकदाही आला नाही. बाजारात मुनिरा भेटली. म्हणाली, त्याने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. साखरेच्या डब्यावर 'साखर'. दारावर 'गॅस बंद केलास?' मी म्हटलं, डॉक्टरकडे न्या. ती म्हणाली, "तो जात नाही. म्हणतो, कळून काय करू?"

सुनेला नक्की विचार. आणि लवकर लिही.

रासेमा


येसेनित्से, २० डिसेंबर २०१६

रासेमा,

वाहिदचं पत्र आलं. त्यातलं थोडं तुला उतरवून देतो.

"शेफिक, तू खरं बोललास त्याबद्दल तुझे उपकार. बाकी सगळे मला सांभाळून घेतात. गाडीची किल्ली मी मुनिराला दिली. रोज सकाळी उठल्यावर अठ्ठ्याण्णवच्या संघाची नावं म्हणतो, आधी सरळ, मग उलटी. अजून चुकत नाहीत. चुकतील त्या दिवशी मला कळणारही नाही म्हणे. आईने शेवटी मला भांडी घासायला आलेला माणूस समजून पैसे देऊ केले होते. म्हणून तुला आत्ताच लिहून ठेवतो, डोकं जाग्यावर असताना: तू मला भावासारखा होतास. पुढे मी तुला ओळखलं नाही तर हे पत्र दाखव."

हे वाचून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. थंडीने पायाचं टोक ठणकायला लागलं तरी आत आलो नाही.

रासेमा, त्याने गोष्ट दोनदा सांगितली नव्हती. मी मनाने रचलं. तू लिहिलंस ना, त्याला हलकं वाटेल असं काहीतरी लिही. मला वाटलं, एका चुकीमुळे खुर्ची गेली असं त्याला वाटण्यापेक्षा आधीपासूनचं होतं असं वाटलं तर बरं. म्हाताऱ्या मित्राला थाप मारली, एवढंच. उन्हाळ्यात तो ठणठणीत होता. पत्त्यांत मला आठ दिवस रोज हरवत होता आणि कुठल्या डावात मी कोणतं पान टाकलं होतं ते जेवताना सांगत होता.

सुनेला मी विचारलंच नाही. तिला काय विचारू?

पण मला एक कळत नाही. तू हे इतकं खोदून का विचारतेस? कोणती गोष्ट, कोणत्या दिवशी, सुनेला जाणवलं का. पोलिसासारखं. आणि "मला बरं वाटलं" हे कशाबद्दल?

शेफिक


गोराझ्दे, ८ जानेवारी २०१७

शेफिक,

दहा दिवस मी उत्तर टाळलं. आता लिहिते, मग वाचून काय म्हणायचं ते म्हण.

लिफाफा त्याने मला दिला होता.

तेवीस सप्टेंबर, शुक्रवार. सराव संपला होता, जाळं सोडवत होतो. त्याने लिफाफा माझ्या हातात दिला, मी पिशवीत टाकला. त्या पिशवीत जर्सी होत्या. घरी येऊन मी जर्सी यंत्रात घातल्या आणि पिशवी खुंटीला अडकवली. इथपर्यंत खरंच विसरले, देवाशपथ. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत महिनाअखेर होती, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

एकोणतीस तारखेला, गुरुवारी संध्याकाळी, पिशवी काढली तर तळाशी लिफाफा. पोचवायची मुदत दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत. सकाळी साडेसहाची साराएव्होची बस आहे. दहापर्यंत मी तिथे असते. वेळ होता, शेफिक. भरपूर होता.

मी खुर्चीवर बसले, लिफाफा मांडीवर. त्याच आठवड्यात त्याने नेर्मिनाला पुन्हा परत पाठवलं होतं. ती जिना उतरताना मी पाहिली होती, कठड्याला धरून, मान वर न करता. मला वाटलं, जाऊ दे. एकदा नाक कापलं जाऊ दे, मग सगळ्यांना दिसेल की हे असं चालणार नाही. सकाळी बसची वेळ झाली तेव्हा मी कॉफी करत होते. बस गेल्याचा आवाज आला. आमच्या घरून येतोच तो.

सभेत मी त्याला तोंडावर सांगणार होते, की हो, मीच पाठवला नाही आणि का ते ऐक. खरंच ठरवलं होतं. पण तुला मी जे लिहिलं त्यातलं एक वाक्य गाळलंय. "आईचंही असंच सुरू झालं होतं" म्हणण्याआधी तो माझ्याकडे वळला होता. सगळ्यांसमोर विचारलं, "रासेमा, तो लिफाफा मी तुला दिला होता का गं?"

मी "नाही" म्हटलं.

का म्हटलं ते मला अजून कळत नाही. तेवीस जण बघत होते. तोंडातून गेलं. त्याने मान हलवली, जणू मीच त्याची समजूत घातली होती.

नंतर त्यांनी माझं नाव घेतलं आणि हात वर केले. तेव्हाही मी गप्प बसले.

लिफाफा माझ्या कपाटात आहे, चादरींखाली. रोज वाटतं जाळावा. जाळवत नाही.

रासेमा


येसेनित्से, १९ जानेवारी २०१७

रासेमा,

पहिल्यांदा जे लिहिलं ते फाडून टाकलं. त्यातले शब्द बहिणीला लिहिण्यासारखे नव्हते.

खुर्चीचं मी समजू शकतो. खुर्च्या लोक याहून वाईट रीतीने घेतात. पण तू त्या माणसाचं डोकं काढून घेतलंस. आणि मी बाहेरून कडी लावली.

त्यालाही मी पत्र लिहिलंय, ते दोन दिवसांनी टाकतो. त्यात माझ्या थापेबद्दल लिहिलंय, तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. ते तुझं तू सांगायचं. पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागतील. त्याआधी जा.

शेफिक


गोराझ्दे, १२ फेब्रुवारी २०१७

शेफिक,

गेले. तुझं पत्र त्याला तीस तारखेला, सोमवारी मिळालं, मी रविवारी गेले होते. एक दिवस आधी. तेवढंच.

मुनिराने दार उघडलं, मला पाहून खूश झाली. "अगं, किती दिवसांनी! बस, कॉफी ठेवते." वाहिद खिडकीशी बसला होता. दाढी वाढलेली. चिठ्ठ्या सगळीकडे होत्या, अगदी खिडकीच्या कडीवरसुद्धा. मला म्हणाला, "रासेमा." आणि मग स्वतःशीच, "रासेमा, एन्व्हरची बायको, पाणीपुरवठा," असं पुटपुटला. मला ओळखून त्याने ताळा करून पाहिला!

मी लिफाफा टेबलावर ठेवला. बसलेही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच.

त्याने कागद काढला. स्वतःची सही बघितली, शिक्का बघितला. किती तरी वेळ. मग म्हणाला, "जाळं सोडवत होतो आपण."

"हो."

"तुझ्या हातात निळी पिशवी होती. तू म्हणालीस, जर्सीबरोबर ठेवते, म्हणजे विसरणार नाही."

"हो."

"मला आठवत होतं," तो म्हणाला. "आठवत होतं म्हणूनच तर तुला विचारलं. तू नाही म्हणालीस. तू, रासेमा! तेव्हा मला वाटलं, माझं डोकं आता न घडलेल्या गोष्टीही दाखवायला लागलं. विसरण्याची मला एवढी भीती नव्हती. याची बसली."

शेफिक, हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते, तो विसरलाय आणि मी फक्त त्याला आठवण करून दिली नाही.

मुनिरा दारात ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली नाही. ट्रे टेबलावर ठेवला, माझ्यापुढचा कप उचलला आणि आत नेऊन मोरीत ओतला. मग बाहेर येऊन साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी फाडली. मग दारावरची. मी तिथून निघाले तेव्हा ती खुर्चीवर चढून वरच्या कपाटाच्या चिठ्ठ्या काढत होती आणि रडत होती. वाहिद म्हणाला, "उतर, पडशील." माझ्याशी तो आणखी एकच वाक्य बोलला: "हे हॉलमध्ये सांग. तिथेच 'नाही' म्हणाली होतीस."

चार तारखेला सभा बोलावली. वाहिद आला, दाढी करून. स्वतः गाडी चालवत. मी उभी राहिले आणि सांगितलं. या वेळी वाक्य गाळलं नाही. रामो म्हणाला, "आणि आम्ही तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या." कोणीतरी मागून म्हणालं, वाहिदला परत बसवा. बरेच जण हो हो म्हणाले.

वाहिद बसल्या जागेवरून म्हणाला, "चोरलेली खुर्ची आणून दिली म्हणून मी तिच्यात बसायचं? मला नको. दुसरं नाव सांगा."

टपालमास्तरने नेर्मिनाचं नाव सांगितलं. ती घाबरीघुबरी झाली. वाहिदने तिला विचारलं, "बाई, नोंदणीची तारीख कोणती?"

"तीस सप्टेंबर, दुपारी दोनपर्यंत," ती म्हणाली.

"कागद कोण नेणार?"

"मी. स्वतः."

त्याने हात वर केला. पहिला हात त्याचाच. मग हळूहळू बाकीचे. चौदा विरुद्ध आठ. मी हात वर केला नाही. शिक्का आणि किल्ल्या नेर्मिनाच्या हातात देऊन बाहेर पडले. जर्सी आता टपालमास्तरची बायको धुते.

रासेमा


येसेनित्से, २६ फेब्रुवारी २०१७

रासेमा,

वाहिदने मला दोन ओळींचं उत्तर पाठवलं. "पत्त्यांत तू आठ दिवस हरलास ते खरं होतं ना? की तीपण थाप?" मी लिहिलं, खरं होतं. त्यावर अजून काही आलेलं नाही.

तुझ्यावरचा राग गेला म्हणणार नाही. पण गेलीस हे ऐकून बरं वाटलं. मे महिन्यात येतोय. तुम्हा दोघांपैकी कोण माझ्याशी बोलेल, कोण जाणे.

शेफिक


गोराझ्दे, १० एप्रिल २०१७

प्रिय शेफिक,

काल हॉलमध्ये सामना होता. गावात मला कोणी टाळत नाही, कोणी थांबवतही नाही. भाजीवाली वजन करते, पैसे घेते. तरीही मी गेले. सगळ्यात वरच्या बाकावर बसले, दाराजवळ, म्हणजे पटकन निघता येईल.

वाहिद बदली खेळाडू म्हणून बसला होता. दुसरा सेट संपला तेव्हा त्याने वर पाहिलं. कुबड्या घेतल्या आणि पायऱ्या चढायला लागला. एकेक पायरी. मला वाटलं उठून खाली जावं, मग वाटलं, त्याला येऊ द्यावं. माझ्यापासून दोन जागा सोडून बसला. बराच वेळ धापा टाकत होता.

"एक विचारायचं राहिलं," मैदानाकडे बघत म्हणाला. "त्या गुरुवारी. लिफाफा सापडल्यावर मला फोन का केला नाहीस?"

"केला असता तर तू स्वतः रात्रीच गाडी काढून गेला असतास. आणि अजून दहा वर्षं अध्यक्ष राहिला असतास."

त्याने विचार केला. "राहिलो असतो," म्हणाला. मग, "पण तोंडावर सांगायचं होतंस, की वाहिद, हो बाजूला."

"सांगितलं असतं तर झाला असतास?"

"नाही." लगेच म्हणाला. जरासुद्धा थांबला नाही. खाली नेर्मिना ओरडून जागा बदलायला सांगत होती, बायका-पुरुष सगळे हातांवर सरकत होते. तो बघत राहिला. "नाही झालो असतो. पण मग ती चूक माझी असती, रासेमा. आता ती तुझी आहे."

तो कुबड्या गोळा करून पायऱ्या उतरला. नेर्मिनाने त्याला तिसऱ्या सेटमध्ये घेतलं. दोन चेंडू त्याच्याकडून गेले, एक असा उचलला की समोरचे बघतच राहिले. आपण हरलो. मी शेवटपर्यंत थांबले.

मे महिन्यात येशील तेव्हा बसमधून उतरल्यावर आधी त्याच्याकडे जा. जेव, राहा, पत्ते खेळा. निघायच्या दिवशी वेळ उरला तर माझ्याकडे ये.

रासेमा